बारावी होऊ दे, मग बघू

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर



2017 साली आपलं विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा मराठवाड्याच्या पोरांना कायदा शिकायला आता लांब जायला नको, असं वाटलं होतं. मानवत रोडला गाडीत बसलं की थेट संभाजीनगर. अडचण प्रवासाची नाहीच, तारखांची आहे.

आपल्याकडच्या प्रवेशासाठी द्यावी लागणारी क्लॅट ही परीक्षा पूर्वी बारावीच्या परीक्षेनंतर व्हायची. 2022 मध्ये ती जूनला झाली, पुढच्या वर्षाची त्याच डिसेंबरला उरकली, आणि तेव्हापासून ती डिसेंबरातच असते. आमच्याकडचा सल्ला मात्र जुनाच: ‘आधी बारावी होऊ दे, मग बघू.’ बारावीचा निकाल हातात येतो तेव्हा क्लॅट होऊन पाच-सहा महिने झालेले असतात. 2026च्या प्रवेशाचे अर्ज 1 ऑगस्ट 2025 लाच सुरू झाले होते. ऑगस्टात आमची पोरं नीट-जेईईच्या क्लासला लातूर-नांदेडला, नाहीतर सोयाबीनच्या रानात.

शिवाय नुसता अर्ज भरून भागत नाही. 2 तासांत 120 प्रश्न, इंग्रजी उताऱ्यांवर, चुकीला पाव गुण वजा. ही तयारी अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचून होते, दिवाळीच्या सुट्टीत उरकत नाही. 2026च्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला शुल्क 4000 रुपये होतं. वर अधिवास, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. हे कागद ऐनवेळी धावपळ करून मिळत नसतात. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, तिला उणे गुण नाहीत आणि ती बारावीनंतर असते. म्हणून हुशार पोरगीही तिकडेच वळते. त्यात कमीपणा मुळीच नाही. पण क्लॅट तिला माहीतच नव्हती, हे कारण असू नये.

परीक्षेचा महिना आणि भाषा एकट्या आपल्या हातात नाहीत, हे ठाऊक आहे. जे हातात आहे तेवढंच मागतो. कॉलेज उघडताच आपले चार विद्यार्थी, शक्यतो मराठवाड्यातलेच, पाथरी, मानवत, सोनपेठ, सेलूला पाठवा. अर्ज कधी भरायचा, कुठला दाखला आधी काढायचा, वाचायचं काय, हे त्यांनी मराठीत सांगावं. पत्रकं नकोत, ती सूचनाफलकावरच पिवळी पडतात. वर्ग, फळा आणि पाहुण्यांचं जेवण आमच्याकडे. आपण फक्त तारीख कळवा, आणि ती ऑगस्टच्या आधीची असू द्या.

आपला,
पाथरीतील एक शिक्षक