मोटारींतील आसनविचार

देवराष्ट्रें हें गांव आमच्या जिल्ह्यांतच, कडेगांव तालुक्यांत. यशवंतराव चव्हाण यांचें जन्मस्थान म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. तेथील श्री. दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतील सुट्या भागांची एक चार चाकांची गाडी घरच्या घरीं तयार केली, तिची वार्ता सन २०२१ च्या डिसेंबरांत देशभर पसरली. खर्च सुमारें ६०,००० रुपये. गाडी दुचाकीप्रमाणें किक मारून सुरू होत असे. श्री. आनंद महिंद्र यांनीं तिचें मनापासून कौतुक केलें. परंतु नियमांत बसत नसल्यामुळें अधिकारी ती आज ना उद्यां रस्त्यावर थांबवितील, हेंही त्यांनीं त्याच वेळीं लिहिलें, आणि तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली. २०२२ च्या जानेवारींत ती लोहार कुटुंबास मिळाली.

अशी वार्ता वाचून वडीलधारी माणसें ‘शाबास’ म्हणून चहा घेऊं लागतात. तरुणांचें मात्र तसें नसतें. आमचा एक चुलत नातू सांगलीस अभियांत्रिकी शिकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तो व त्याचे तीन मित्र येथें जतेस आमच्या परसांत एक ठेंगणी, दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्स कार जुळवीत बसले होते. विलायतेंत या छंदाची मोठी परंपरा आहे. १९५७ त निघालेली लोटस सेव्हन नांवाची गाडी सुट्या भागांच्या रूपानें विकत मिळे, कारण जुळवून दिलेल्या गाडीवर तेथें खरेदी-कर बसत असे, सुट्या भागांवर तो बसत नसे. पुढें रॉन चँपियन नांवाच्या गृहस्थांनीं १९९६ सालीं एक पुस्तक लिहून, अशी गाडी अवघ्या अडीचशें पौंडांत घरीं कशी बांधावी हें सांगितलें. हे चँपियन शाळेंत शिकवीत असत, हें समजल्यावर आमचा या प्रकरणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन थोडासा निवळला हें सांगावयास हरकत नाहीं.

या मुलांनीं इंजिनासाठीं तीन महिने वाद घातला, रंगासाठीं एक महिना; आणि बैठकींचा प्रश्न आला तेव्हां एका दुपारींत भंगारांतून दोन सीटा उचलून आणल्या. तळाच्या पातळ पत्र्यास स्क्रू मारून त्या बसवावयाच्या, असा बेत होता. येथें आम्हांस तोंड उघडणें भाग पडलें. ‘आजोबा, बसायचीच तर जागा आहे ती,’ असें उत्तर मिळालें.

बसावयाची जागा ही क्षुल्लक बाब आहे, असें आमच्या पूर्वजांस तरी कधीं वाटलें नाहीं. पतंजलींनीं आसनाचें लक्षण सांगतांना दोनच गुण मागितले, स्थैर्य आणि सुख. आणि त्यांत स्थैर्याचा उल्लेख आधीं केला. मोटारीच्या आसनासही हाच क्रम लागू आहे. दुकानांत मात्र गिऱ्हाईक अंगठ्यानें गादी दाबून पाहतें, म्हणजे सुखापासून आरंभ करतें.

स्थैर्य म्हणजे किती, याचा हिशेब मुलांकडूनच करविला. गाडी ताशीं ५० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळून अर्ध्या मीटरांत थांबली असें धरा. ७० किलो वजनाच्या माणसावर त्या क्षणीं सरासरीनें त्याच्या वजनाच्या जवळजवळ वीसपट जोर येतो. म्हणजे सुमारें चौदा क्विंटल. हा जोर मुख्यतः पट्ट्यानें व पट्ट्याच्या खुंट्यांनीं सोसावयाचा असतो हें खरें. परंतु आसनच जागचें हललें तर ताणलेला पट्टा ढिला पडतो, आणि मागून धक्का बसला तर सारा भार आसनाच्या पाठीवरच येतो. पातळ पत्र्यांतील स्क्रू तेव्हां कागदांतील टांचणीप्रमाणें निघून येतील. आसन चासीच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांस आरपार बोल्टांनीं जखडावें, खालून रुंद व जाड चकती द्यावी, आणि बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा आंकडा उठविलेला आहे कीं नाहीं तें पाहावें. तो मजबुतीचा दर्जा होय.

भंगारांतील सीट वर्ज्यच, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तिचें रेक्झिन आधीं उतरवून सांगाडा उघडा करावा. आम्हीं आग्रह धरून तें करविलें, तेव्हां दोहोंपैकीं एकीची नळी वेल्डिंगच्या जागीं चिरलेली निघाली. वरून ती नव्यासारखी दिसत होती. विकणाऱ्यानें ‘एकदम ओके’ म्हणून दिलेली! त्या संध्याकाळीं मुलें फारशीं बोललीं नाहींत. अपघातांत एकदां ताण सोसलेला पट्टा तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

आतां माप. साध्या मोटारीचें आसन खुर्चीसारखें उंच असतें. ठेंगण्या गाडींत मनुष्य पाय लांब करून जवळजवळ जमिनीलगत बसतो. उंच आसन तेथें बसविलें तर डोकें संरक्षक कमानीच्या वर जातें, आणि गाडी उलटली तर तें आधीं आपटतें. महाविद्यालयीन मुलांच्या मोटार-स्पर्धांत असा नियमच आहे कीं, पुढच्या व मागच्या कमानीच्या माथ्यांस जोडणारी रेषा धरली, तर चालकाचें शिरस्त्राण तिच्या किमान पांच सेंटिमीटर खालीं राहावें. म्हणून आसन विकत घेण्यापूर्वीं नुसत्या चासींत बसून पाहावें. आमच्याकडे यासाठीं जेवणाचे पाट कामीं आले. एक पाट खालीं, एक पाठीशीं तिरपा, मागें विटा. आणि सर्वांत उंच मुलास हेल्मेटसह वर बसविलें. क्लच पुरता दाबला असतांही गुडघा किंचित् वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असतां मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोंचलें पाहिजे. थोरल्या वहिनींनीं ‘माझे पाट!’ म्हणून हांक मारली ती आम्हीं ऐकली नाहीं असें दाखविलें.

पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून गेला पाहिजे. मऊ फोमच्या जाड गादीचा धोका हाच कीं, धक्क्यासरशी ती दबते व मनुष्य पट्ट्याखालून पुढें घसरतो. मग पट्टा पोटांत रुततो. खांद्यावरचे पट्टे मागें जवळजवळ आडवे जावे. ते थेट खालीं तळाशीं बांधले तर धक्क्याच्या वेळीं कणाच खालीं दाबला जातो. आसनाच्या पाठींत पट्ट्यांसाठीं भोकें असतात, तीं चालकाच्या खांद्याच्या उंचीस जुळतात कीं नाहीं हें दुकानांतच पाहावें.

पातळ गादीनें सुख कसें लाभणार, अशी शंका वाचकांस येईल. त्यावर शर्यतीवाल्यांची युक्ति सुंदर आहे. आसनाच्या कवचांत एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवून तींत दोन रसायनें मिसळून ओततात. चालक वर बसतो, फेंस फुगून त्याच्या पाठीचा सांचा घेतो व घट्ट होतो. हें काम उघड्या हवेंतच करावें, कारण वाफा अपायकारक असतात. मिश्रणही बरेंच तापतें. आवरणाच्या बाबतींत आमचें मत स्पष्ट आहे. येथील एप्रिलच्या उन्हांत उघड्या गाडींतील काळें रेक्झिन म्हणजे तापलेला तवा. फिक्या रंगाचें जाडें कापड घ्यावें.

गाडी कोठें चालवावयाची, हा प्रश्न उरतोच. सार्वजनिक रस्त्यासाठीं नोंदणी पाहिजे, आणि नोंदणीपूर्वीं नमुन्याच्या चांचण्या. त्या पुण्याच्या एआरएआय सारख्या संस्थांत होतात व हौशी मुलांच्या ऐपतीबाहेरच्या आहेत. बंदिस्त मैदान व जागामालकाची परवानगी, याखेरीज ती हलवूं नये असें ठरलें आहे. मुलाच्या आईनें ‘गाडीच मोडून टाका’ म्हटलें होतें. या अटीवर ती गप्प बसली, राजी झाली असें म्हणतां येत नाहीं. रागावण्याऐवजीं तिनें स्वतः एकदां बोल्ट मोजावे असें आम्हीं सुचविलें, व तिनें ते खरोखर मोजले. एका आसनास चार, दोहोंस आठ, सात निघाले. आठवा दुसऱ्या दिवशीं सकाळीं बसला.

चालकाचें आसन झालें. दुसऱ्याचें माप मात्र अद्यापि ठरावयाचें आहे. अकरा माणसांच्या घरांत दोन जागांची गाडी, त्यांतली दुसरी जागा कोणाच्या अंगास बेतावी? तूर्त सांचा न घेतां कवच तेवढें जखडून ठेविलें आहे, आणि पट्ट्याचीं भोकें दोन उंचींवर पाडलीं आहेत.