एका पहारेकऱ्याने भागत नाही

मी मूळची नळदुर्गची, पण शाळा सोलापूरला कॉन्व्हेंटमध्ये झाली. एकोणसाठ म्हणजे किती हे कळायला मला आजही दोन सेकंद लागतात, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय असा आहे की गप्प बसवत नाही.

गेल्या सेमिस्टरला लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर अख्ख्या बॅचला एकच लॉगिन होतं. एका महाशयांनी डीबगर उघडला, शेजारणीच्या चालू प्रोग्रॅमला जोडला आणि तिचा मेलचा पासवर्ड मेमरीतून वाचून दाखवला. गंमत म्हणून! तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. कर्नलने अडवलं कसं नाही? कारण त्याचा साधा नियम प्रोग्रॅमचा मालक कोण एवढंच बघतो, आणि इथे सगळ्यांचा मालक एकच.

त्यावर उपाय निघाला, एसई-लिनक्स चालू करा. (ते आधीपासून बंद होतं. 'परमिशन डिनाइड' दिसलं की एसई-लिनक्स बंद करायचं, ही आपली परंपरा.) चालू जरूर करा. पण त्याच्या नेहमीच्या पॉलिसीत वेब सर्व्हरसारख्या सेवांवर कडक पहारा असतो. आपण लॉगिन करून चालवलेले प्रोग्रॅम बहुतेक मोकळेच सुटतात. म्हणजे ते महाशय पुन्हा तेच करू शकले असते.

हे काम 'यामा' नावाच्या छोट्या मॉड्यूलचं. (नाव वाचून यमराजच आठवतो.) त्याची डीबगरविषयीची सेटिंग एकवर ठेवली की आपण स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रॅमलाच डीबगर लावता येतो, दुसऱ्याच्या चालू प्रोग्रॅमला नाही. आपली प्रॅक्टिकल्स अडत नाहीत. रेड हॅट घराण्यातल्या मशीनवर ही सेटिंग बहुधा शून्य असते.

मग दोन्ही एकत्र चालतील का? सिनियर म्हणतात, "एका वेळी एकच सिक्युरिटी मॉड्यूल." हे एके काळी जवळजवळ खरं होतं. २००१ साली अमेरिकेच्या एनएसएने एसई-लिनक्स मांडलं, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एकाच पद्धतीला बांधून न घेता, हवं ते मॉड्यूल बसवता येईल अशी चौकट मागितली. तीच एलएसएम, २००३ च्या २.६ कर्नलमध्ये आली. फाईल उघडताना, सॉकेट जोडताना कर्नल थांबून मॉड्यूलला विचारतो. २०१५ च्या ४.२ पासून छोटी मॉड्यूल्स मोठ्याच्या जोडीने रीतसर बसू लागली, २०१९ च्या ५.१ पासून त्यांचा क्रम बूट करतानाच देता येतो. कर्नल एकेकाला विचारतो. पहिला 'नाही' आला की खेळ खलास. एकाचा 'नाही' दुसरा 'हो' करू शकत नाही.

आमच्या किल्ल्यात हेच आहे की! बोरी नदीचं पाणी वेगळं काम करतं, तटबंदी वेगळं, आणि उपळी बुरूज लांबवर नजर ठेवायला. तट आहे म्हणून बुरूज कोणी पाडला नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. पहिल्यानेच नाकारलं तर पुढच्याला विचारलंच जात नाही, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही आणि आपण रात्रभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. एसई-लिनक्स आणि ॲपआर्मर ही दोन मोठी धेंडं तर नेहमीच्या कर्नलमध्ये अजून एकत्र नांदत नाहीत. दोघांनाही प्रत्येक प्रोसेसवर आपलं लेबल लावायचं असतं, आणि ते लेबल विचारणारी कर्नलमधली जुनी दारं एकालाच पुरतील अशी बांधलेली. पण आपल्याला ती जोडी हवीय कुठे? आपल्याला एक मोठं आणि एक यामा पुरे.

सध्या काय काय चालू आहे हे 'सिस'मधल्या 'कर्नल', त्यातल्या 'सिक्युरिटी' फोल्डरमधली 'एलएसएम' फाईल वाचली की कळतं. लॅबसाठी अर्ज लिहिलाय: एसई-लिनक्स चालू, यामा एकवर, आणि प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. कागद मेसच्या दाराशी लावलाय, आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. डीबगरवाल्या महाशयांचीही आहे.