आग ‘आपोआप’ लागत नाही

फर्निचरच्या गाळ्याला रात्री आग लागली की सकाळी कारण ठरलेले असते : शॉर्टसर्किट, नाही तर कोणा कामगाराची विडी. कोपऱ्यात टाकलेल्या, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंधी पसरलेली असेल तर ही उष्णता निघून जाते. बोळा करून टाकली तर ती आतच कोंडते. तापमान वाढेल तशी क्रियाही वेग घेते आणि काही तासांत, कोणी काडी न ओढता, ढीग पेटू शकतो. पॉलिशवाला सायंकाळी हात पुसतो. धोका उभा राहतो तो रात्री, कारागीर त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपलेले असताना.

23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ ही 38 मजली इमारत अशाच चिंध्यांमुळे पेटली. लाकूडकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांनी त्या 22 व्या मजल्यावर ठेवल्या होत्या. अग्निशामक दलाचे 3 जवान मृत्युमुखी पडले. आग थांबली ती 30 व्या मजल्यावर, कारण तेथे पाण्याचे स्वयंचलित फवारे होते.

आणि उपाय केवढा? घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा व त्यात पाणी. किंवा चिंध्या उघड्यावर सुट्या वाळत घालणे. एवढेही न पुरवणाऱ्या मालकाने कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवू नये. ज्याला धोका कधी सांगितलाच नाही, त्याला दोषी कोणत्या न्यायाने धरायचे?

कायद्याचे संरक्षणही आकसले आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत 10 कामगार असले की तिला कारखाना मानले; 2020 च्या संहितेने ती मर्यादा 20 वर नेली. चार कारागिरांचा गाळा पूर्वीही या व्याख्येबाहेरच होता. आग मात्र हजेरीपट पाहून लागत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यांत जाऊन हे शास्त्र समजावून द्यावे. बॅटीला तेल लावणाऱ्या मुलाच्या घरीही ते पोहोचले पाहिजे. झाकणाचा डबा मालकाने द्यावा आणि तेलाच्या प्रत्येक डब्यावर ठळक मराठीत इशारा असावा, या दोन मागण्या संघटनांनी लावून धराव्यात. ज्या आगीचे कारण माहीत आहे आणि उपाय एका डब्याएवढा आहे, तिला दैव म्हणणे ही मालकाची सोय आहे.