पुण्याला जाण्याआधीचा कागद

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांतून बी.ए. झालेली आपली मुले एम.ए.साठी पुण्याला निघतात. विद्यापीठ तेच, म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही. मुंबईला जायचे तर लागते. आम्हाला काळजी आहे ती जातीच्या दाखल्याची. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल, तर आजोबा-पणजोबांची १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद शोधावी लागते. १९५६ साली टाकलेली जात पुन्हा कागदांत हुडकायची, हे बोचते. पण स्कॉलरशिप त्यावरच अडते. वसतिगृहात नंबर न लागल्यास स्वाधार योजना आहे, तिलाही हाच दाखला लागतो. पणजोबा शाळेत गेलेच नसतील, तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद पाहा. एक खाडा पडला तरी चालेल, परीक्षेआधीच तहसील गाठा.