घटनापत्र कोणाचे?

कंपनीचे घटनापत्र आणि नियमावली हे कागद कामगाराच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत. मात्र कारखाना बुडाला व प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले की याच कागदांवर नव्याने शाई फिरते. उद्याचे भाग कोणाचे, संचालक कोण नेमणार, हे तेथे लिहिले जाते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार पुनर्रचनेच्या आराखड्यातच या दस्तऐवजांची दुरुस्ती करता येते. भागधारकांची संमती लागत असेल तर ती मिळालीच, असे कायदा गृहीत धरतो. एरवी पवित्र असणारी मालकी बँकांच्या आड येताच पवित्र उरत नाही!

मालकाचा नकाराधिकार गेला याचे आम्हांस दुःख नाही. तो कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न आहे. धनकोंच्या समितीत मत वित्तीय धनकोंचे. त्यांची ६६ टक्के मते पडली की आराखडा संमत. घाम गाळून उधार दिलेली मजुरी हेही कर्जच. पण ते दुय्यम प्रतीचे. त्या वर्गाची थकबाकी एकूण कर्जाच्या १० टक्के भरली तर प्रतिनिधीने बैठकीस यावे, मत मात्र देऊ नये!

याहून वेगळे घडू शकते, हे कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जने दाखवले आहे. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्यातही घटनापत्र बदलण्याची मुभा होती. त्याच कायद्याखाली १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना हाती घेण्याची योजना मंजूर झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्या प्रयोगाला घरघर लागली, हे खरे. परंतु बँकांनी निवडलेले खरेदीदारही काही सारेच तरले नाहीत. १९८२ मध्ये त्याच न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने का होईना, कंपनी गुंडाळताना कामगारांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे असा निर्णय दिला होता.

घटनापत्रात काय असावे हे कायद्याने सांगणे अघटित नाही. भांडवलशाहीचे माहेरघर जी अमेरिका, तिच्या १९७८ च्या दिवाळखोरी संहितेने पुनर्रचित कंपनीच्या सनदेत मताधिकाराविना भाग काढण्यास मनाई घालणे सक्तीचे केले. आपल्या संविधानात तर व्यवस्थापनातील कामगार-सहभागाचे कलम ४३-अ १९७६ पासून आहे. तेव्हा धनकोंच्या समितीत कामगारांना मत, आणि दुरुस्त नियमावलीत संचालक मंडळावर त्यांनी निवडलेला प्रतिनिधी, या दोन मागण्या कामगार संघटनांनी एकमुखाने मांडाव्यात. त्यासाठी संहितेतच दुरुस्ती हवी.