तक्ता न वाचणाऱ्यांच्या सह्या

चेन्नईच्या पॅरीज भागात सेम्बुदास स्ट्रीटवर पाइप, व्हॉल्व्ह आणि पाइप जोडणारे फ्लँज विकणारी दुकानं आहेत. कारखान्यांकडून तिथे येणाऱ्या ऑर्डरी मी बरीच वर्षं पाहतो आहे. ‘चार इंची, वन फिफ्टी, आठ नग.’ संपलं. मुंबईच्या गुलालवाडीत गेलात तरी तेच. मटेरियल कोणतं, फेस कसला, ड्रिलिंग कुठल्या स्टँडर्डचं, आतून काय वाहणार आणि किती गरम, याबद्दल अवाक्षर नाही. आणि या अर्धवट ओळीखाली इंजिनिअरची सही असते. हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

‘क्लास १५०’ म्हणजे दीडशे पौंड दाब, असं मानणारे पदवीधर मला आजही भेटतात. दुसरे त्याहून घातक. त्यांनी कुठेतरी २८५ पीएसआय, म्हणजे १९.६ बार, हा आकडा वाचलेला असतो आणि तोच कायमचा धरून ते चालतात. एएसएमई बी १६.५ हे स्टँडर्ड अर्ध्या इंचापासून २४ इंचांपर्यंतच्या फ्लँजना लागू आहे आणि त्यात १५० पासून २५०० पर्यंत सात क्लास आहेत. यातला कुठलाही क्लास एकटा दाब सांगत नाही. दाब ठरतो क्लास, धातू आणि तापमान या तिघांवरून. ए १०५ या साध्या कार्बन स्टीलचा क्लास १५० फ्लँज ३८ अंश सेल्सियसला १९.६ बार झेलतो. तोच फ्लँज २०० अंशांना १३.८ बारवर येतो, ३०० अंशांना १०.२ वर आणि ४०० अंशांना ६.५ वर. हे सगळं एका पानावर छापलेलं आहे. ते पान उघडायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

न उघडल्यावर काय होतं ते बघा. आपल्याकडे १७.५ किलो दाबाचे बॉयलर सर्रास असतात. परचेसवाला म्हणतो, एकोणीस बारचा फ्लँज आहे, सतरा बारला काय धाड भरली? पण त्या दाबाची संपृक्त वाफ २०७ अंशांच्या आसपास असते आणि तिथे क्लास १५० ची मर्यादा चौदा बारच्याही खाली गेलेली असते. म्हणजे लाइन चालू झाली त्या दिवसापासून तो जोड मर्यादेबाहेर आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘हायड्रोटेस्टला टिकलाय की.’ टिकणारच. टेस्ट थंड पाण्याने होते, क्लास १५० साठी ३० बारला. थंड पाण्याची टेस्ट गरम वाफेबद्दल काही सांगत नाही, आणि ती दाखवून वाफेच्या लाइनवर शिक्का मारणारा माणूस फसवणूक करतो आहे.

स्टेनलेसबद्दलचं अज्ञान तर महाग पडतं. जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त ताकद मिळाली, असा समज आहे. ३१६ एलचा क्लास १५० फ्लँज ३८ अंशांना फक्त १५.९ बारचा आहे, कार्बन स्टीलपेक्षा कमी. स्टेनलेस गंजापासून वाचवतं, दाबापासून नाही.

आता मापं. चार इंची क्लास १५० फ्लँजचा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, १९०.५ मिलिमीटर, तर युरोपियन पीएन १६ चा १८०. दोन्हीला आठच बोल्ट. आयात केलेल्या पंपाचा फ्लँज पीएनचा, इथे मागवलेला क्लासचा, आणि साइटवर दोन्ही समोरासमोर आले की भोकं जुळत नाहीत. मग गॅस कटर येतो. भोकं लांबट केली जातात, गॅस्केट एका बाजूला सरकतं, बोल्ट तिरके बसतात. मी असे जोड कापून काढायला लावले आहेत आणि त्यासाठी वाईटपणाही घेतला आहे.

तरीही न जुळणाऱ्या फ्लँजपेक्षा मला तंतोतंत जुळणाऱ्याची धास्ती जास्त. दोन इंची क्लास ३०० आणि क्लास ६०० यांचा बाहेरचा व्यास एकच, पीसीडी एकच, आठ बोल्ट तेच. एकमेकांवर ते अगदी चपखल बसतात. फरक जाडीत आणि फेसच्या उंचीत : ३०० चा उंचवटा २ मिलिमीटर, ६०० चा ७. दाबात मात्र फरक थेट दुपटीचा, कार्बन स्टीलला ५१ बार आणि १०२ बार. चेन्नईचंच उदाहरण घ्या. ज्या शहराने २०१९ च्या पाणीटंचाईत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणलं, ते आज मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करून पितं. मीठ वेगळं करणाऱ्या पडद्यांना साधारण ५५ ते ७० बार दाब लागतो आणि क्लास ३०० तर डुप्लेक्स स्टीलमध्येही ५२ च्या आत संपतो. अशा लाइनवर ऑर्डरीत क्लास लिहायचा राहिला आणि दुकानदाराने हाताला आला तो दोन इंची फ्लँज दिला, तर पाना फिरवणाऱ्या फिटरला काहीही कळणार नाही.

आणि अपघात झाला की पकडायचं कोणाला, तर त्याच फिटरला. ‘टाइट नीट केलं नाही.’ ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल फलाटावर १६७ माणसं गेली. सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, त्या जागी लावलेला ब्लाइंड फ्लँज गळतीला रोखेल इतका आवळलेला नव्हता, आणि रात्री पंप चालू करणाऱ्यांपर्यंत ही माहिती पोचलीच नव्हती. ती पोचवायची कागदपत्रांची व्यवस्था कोलमडलेली होती. कागद म्हणजे नुसती औपचारिकता, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ऑर्डरीत साइज, स्टँडर्ड, क्लास, फेस, मटेरियलचा ग्रेड आणि वेल्ड नेक असेल तर पाइपचं शेड्यूल लिहिलंच पाहिजे. इंडेंटवर दाबाशेजारी तापमान असलंच पाहिजे. माल आला की फ्लँजच्या कडेवर ठोकलेला हीट नंबर सर्टिफिकेटशी ताडून घ्यावा, नुसती झेरॉक्स फाइलला लावू नये. जोडातला सगळ्यात कमजोर भाग पूर्ण लाइनची मर्यादा ठरवतो. क्लास ३०० च्या फ्लँजमध्ये क्लास १५० चा व्हॉल्व्ह बसवला तर ती लाइन १५० चीच. ज्या कॉलेजांत यंत्र अभियांत्रिकी शिकवतात, तिथे हा तक्ता हातात देऊन विद्यार्थ्याकडून दहा गणितं सोडवून घ्यावीत, मगच त्याला पास करावं.

आणि ज्याला हे पान उघडायचा कंटाळा आहे, त्याने ऑर्डरीवर सही करू नये. त्या सहीच्या जोरावर कोणीतरी रात्रपाळीला त्या लाइनशेजारी उभा राहणार आहे.