हातगुणाचे भक्त

"ज्याच्या हाताला यश आहे त्या सर्जनचे पाय धरा आणि गप्प बसा." घरातल्या माणसावर जोखमीची शस्त्रक्रिया ठरली की असा उपदेश करणारे एक जाणते गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे इतकेच: कौशल्य हातात असते, चौकशा केल्या की डॉक्टर दुखावतात आणि यशाची टक्केवारी बाकी सगळे सांगते.

डॉक्टर दुखावत असतील तर दुखावोत. पोट पेशंटचे फाडले जाणार आहे.

पण ही टक्केवारी! समजा, स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी व्हिपल शस्त्रक्रिया करायची आहे, म्हणजे स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढून उरलेला आतड्याला जोडायचा आहे. 'अठ्ठ्याण्णव टक्के यश' म्हणजे काय? पेशंट टेबलावर दगावला नाही, घरी गेला, की तीन महिन्यांनीही जिवंत होता? म्हातारे, मधुमेही, खंगलेले असे किती जण दारातूनच परत पाठवले? अवघड केस नाकारणाऱ्याचा हातगुण उत्तमच असणार. शिवाय व्हिपलमध्ये घात बहुधा टेबलावर होत नाही. स्वादुपिंड-आतड्याचा जोड गळू लागतो तो काही दिवसांनी. रक्तस्राव तर कधी आठवडा उलटल्यावर, तोही रात्री दोन वाजता. तेव्हा ते यशस्वी हात दुसऱ्या शहरात सत्कार स्वीकारत असतात. उपयोगी पडतो तो जागा आयसीयू, रक्तपेढी आणि कॅथेटर घालून रक्तस्राव थांबवणारा रेडिओलॉजिस्ट. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात मृत्युदर कमी असलेल्या आणि जास्त असलेल्या रुग्णालयांत गंभीर गुंतागुंत जवळपास सारखीच आढळली. पण त्यानंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण एकीकडे १२.५ टक्के, दुसरीकडे २१.४ टक्के. यात हातगुण कुठे बसवायचा?



मग निवडायचे कसे? ही शस्त्रक्रिया इथे वर्षाला किती होतात, ते विचारा. अमेरिकेतल्याच २००२ च्या एका अभ्यासात, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत मृत्युदर सुमारे १६ टक्के होता, भरपूर होणाऱ्या ठिकाणी ४. स्वतः कोण करणार, रात्री कोण असणार, शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय, हेही विचारा. दुसरे मत घ्या. धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच बजावले आहे.

एवढे विचारल्यावर जो सर्जन चिडतो, त्याला नमस्कार करा आणि फाइल उचलून दुसरीकडे जा.